मागं राहिलेल्या नऊ

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको. माझी माय उलटी होती. ती रागावली की गप्प व्हायची, आणि तिचं गप्प होणं इतकं साधं असायचं की ती रागावलीय हेच मला दोन-दोन दिवस कळत नसे.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडे. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धवस्ती, वस्तीच्या मागं गायरान, आणि गायरानाच्या कडेला, आमच्या न्हाणीपासून वीसेक पावलांवर, बोरीचं एक झाड. बाबा मी सातवीत असताना वारले. मंग घर मायच्या दोन हातांवर आलं, आणि ते हात कपाशीच्या सीड प्लॉटवर गेले.

आमच्याकडं सीड प्लॉट म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. संकरित कपाशीचं बियाणं हातानं तयार करतात. दुपारनंतर बायका ओळीनं जातात, उद्या उमलणारी कळी हेरतात, नखानं ती सोलून आतला नर काढून टाकतात आणि वर लाल कागदाचा तुकडा अडकवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचं फूल आणून त्या सोललेल्या कळीवर फिरवतात आणि देठाला दोरा बांधतात. दोरा दिसला की समजायचं, हे बोंड बियाण्याचं. श्रावणापासून दिवाळीपर्यंत हेच चालतं. माय एका सपाट्यात कळी सोलायची आणि आतल्या इवल्याशा अंकुराला ओरखडाही उमटायचा नाही. पुढं मी सूक्ष्मदर्शकाखाली अळ्या चिरायला शिकले तेव्हा माझ्या हाताची तारीफ झाली. तो हात कुणाचा होता ते मला माहीत होतं, पण मी तिथं कुणाला सांगितलं नाही. लाज वाटायची, खरं सांगायचं तर.

सीड प्लॉटवर अजून एक काम असतं, भेसळ काढायचं. ओळीत एखादं झाड वेगळं निघतं, उंच किंवा बुटकं, किंवा पानाचा रंग निराळा. ते उपटून बांधावर फेकायचं. कंपनीचा साहेब जीपमधून तपासणीला येतो आणि त्याला एवढंसं वेगळं झाड दिसलं तर सगळा प्लॉट फेल. तपासणीच्या आदल्या दिवशी सगळ्या बाया भेसळ काढायला वाकायच्या. त्यात मायची नजर सगळ्यात तेज. साहेब म्हणायचा, ह्या बाईनं पाहिलेल्या ओळीत मी बघतसुद्धा नाही. माय हे घरी येऊन दोनदा सांगायची.

एक्क्याऐंशी-ब्याऐंशीचं असेल, मी शाळेत नुकती जायला लागले होते. मायनं बोरीवरून एक कोश तोडून आणला. कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, राखाडी, लाकडासारखा टणक, वरती देठाची गोल कडी. तिनं तो माझ्या कानाशी हलवला. आत खुळखुळलं.

"ऐक, आत कुणीतरी हाय," ती म्हणाली.

तो माझा खुळखुळा झाला. पुढं पावसाळ्याच्या तोंडाला एका सकाळी खुळखुळा ओला झाला, टोकाला भोक पडलं आणि आतून तळहाताएवढा पतंग बाहेर आला. मी घाबरून रडले. माय हसत म्हणाली, "रडती कशापायी, तुझ्या खुळखुळ्याला पंख फुटले." मी प्राणिशास्त्र का घेतलं असं लोक विचारतात तेव्हा मी हीच गोष्ट सांगते. ती खरी आहे. पण पुढची सांगत नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी औरंगाबादला पीएच.डी.ला लागले. विषय होता घरच्या आणि रानच्या रेशीम अळ्यांच्या वाढीवर ताबा ठेवणारी जनुकं शोधायची आणि ती एकमेकींशी ताडून पाहायची. घरची म्हणजे तुतीवरची पांढरी अळी, जी माणसानं हजारो वर्षं पाळलीय. रानची म्हणजे आमच्या बोरीवरची, टसरच्या जातीची, हिरवीगार, बोटाएवढी जाड.

मायला मी हे असं सांगितलं होतं. अळीच्या अंगात एक रस असतो, बालपणाचा रस म्हण. तो भरपूर आहे तोवर अळी कात टाकते, मोठी होते, पण अळीच राहते. रस आटला की तिचं खाणं सुटतं आणि ती कोश विणायला लागते. हा रस कधी आटवायचा हे अंगातली जनुकंच ठरवतात. घरच्या अळ्यांमध्ये सगळ्यांचा रस जवळजवळ एका दिवशी आटतो, म्हणून सगळ्या बराबर एकदम कोशाला चढतात. रानच्यांचं तसं नाही. एका मायची लेकरं, एका दिवशी अंड्यातून फुटलेली, पण कुणी पुढं पळतं, कुणी आठ-दहा दिवस मागं राहतं. असं का, ते मला शोधायचं होतं.

मायनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घरच्यांमधली भेसळ माणसानं काढून टाकली असंल कवाच. रानातल्यांची कोण काढणार?"

माझ्या मार्गदर्शक सरांना हे वाक्य मी सांगितलं तेव्हा ते खुर्चीत सरळ बसले. म्हणाले, तुमच्या आईंनी आपल्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण एका ओळीत सांगितलं. मी हसले. मायला जाऊन हे सांगावं असं मला वाटलं नाही. तिला आवडलं असतं.

रानच्या अळ्या खोलीत जगत नाहीत, त्यांना झाड लागतं. म्हणून त्या आमच्या मागच्या बोरीवर वाढवायच्या असं ठरलं. गायरानातून कोश गोळा केले, आषाढाच्या शेवटी पतंग निघाले, एका मादीची अंडी ठेवून घेतली. श्रावणात अळ्या फुटल्या तशा बोरीच्या फांद्यांवर सोडल्या आणि भोवती जुन्या मच्छरदाण्या शिवून बांधल्या. तुतीवरच्या घरच्या अळ्या आत, मायच्या सुपांमध्ये. मी आठवड्यातले चार दिवस गावी, तीन दिवस औरंगाबादला. मी नसताना सगळं माय बघायची. पहाटे आतल्यांना पाला टाकायची, बोरीखालच्या मुंग्यांना राखेची रेघ ओढायची, मंग प्लॉटवर जायची. दिवस मावळता आली की आधी बोरीपाशी, मंग चुलीपाशी.

वस्तीतल्या बाया चेष्टा करायच्या. पोरगी एवढी शिकली अन् मायलेकी मिळून अळ्या राखून राह्यल्या म्हणायच्या. माय त्यांना म्हणायची, "तुमच्या पोरी नवरे राखून राह्यल्या. आमच्या अळ्या निदान उलटून बोलत न्हाईत."

तिला दोन्हींचे स्वभाव माझ्याआधी कळले. घरच्या अळ्यांबद्दल म्हणायची, "ह्या लई गरीब गं. पाला टाकला तर खातील, न्हाई तर मान वर करून बसतील. हातभर लांब पाला असला तरी उठून जायच्या न्हाईत." आणि बोरीवरच्यांबद्दल, "ह्या खऱ्या. एका फांदीवर ठेवावं तर दुसरीवर जातात." कात टाकायच्या आधी अळी खाणं सोडून डोकं उचलून दीड-दोन दिवस स्तब्ध बसते. ते मी तिला एकदाच दाखवलं. त्यानंतर कोणती अळी कातीवर बसली हे ती मला सांगायची.

फक्त एका गोष्टीला ती नाराज होती. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी काही अळ्या गोठवाव्या लागत. त्यासाठी लागणारं पातळ, बर्फाहून कितीतरी थंड नायट्रोजन जनावरांच्या दवाखान्यात मिळतं, गाई भरवायचं बीज ते त्यात ठेवतात. डॉक्टर भला माणूस, डब्यातून थोडं ओतून द्यायचा. मी अळी त्यात टाकली की क्षणात काचेसारखी कडक व्हायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मायनं विचारलं, "मेली का ती?"

"झोपली," मी म्हटलं.

"पंचशीलातलं पहिलंच शील काय हाय, तुला म्या शिकवावं का?" ती म्हणाली. पहिलं शील म्हणजे कुठलाही जीव घेऊ नये. त्यानंतर मी डबा उघडला की ती बाहेर निघून जायची. शिकली नव्हती, पण पौर्णिमेला विहारात म्हटलेलं शील ती तोंडातल्या तोंडात संपवून येणाऱ्यांतली नव्हती.

भादव्यात माझ्या लक्षात आलं की बोरीवर नऊ अळ्या मागं राहिल्यात. बाकीच्या सगळ्या चौथी कात टाकून शेवटच्या टप्प्यात गेल्या होत्या, बोटाएवढ्या झाल्या होत्या. ह्या नऊ मात्र निम्म्याच. आजारी नव्हत्या, खात होत्या, चालत होत्या. नुसत्या मागं. मला रात्रभर झोप लागली नाही. माझा अंदाज असा होता की ह्या नऊंच्या अंगात रस आटवणारं जनुक उशिरा जागं होत असणार, आणि ह्या बाकीच्यांपेक्षा एक कात जास्तीची टाकणार. असं असलं तर घरच्या आणि रानच्या अळीतला सगळा फरक ह्या नऊंमध्ये पाहायला मिळणार. सगळं काम त्यांच्यावर उभं होतं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबायला माझ्याकडं वेळ नव्हता, शिष्यवृत्तीचं शेवटचं वर्ष होतं.

मी औरंगाबादला जाऊन सरांना सांगितलं. सर म्हणाले, मी स्वतः येतो. त्या नऊ आणि नऊ पुढच्या, एकाच वेळी गोठवू.

निघताना मी मायला एवढंच म्हटलं होतं, "सोमवारी सर अळ्या बघायला येणारेत. नीट ठेव सगळं." ह्या नऊ का महत्त्वाच्या ते मी तिला सांगितलं नव्हतं. घाई होती. आणि मला वाटायचं, तिला सांगून काय उपयोग.

सोमवारी मी आधी भोकरदनला दवाखान्यातून नायट्रोजन घेतलं, बसस्टँडवर सरांना घेतलं आणि आम्ही ऑटोनं गावात आलो. अंगण सारवलेलं होतं. माय धुवट लुगडं नेसून दारात उभी होती. त्या दिवसाची हजेरी तिनं बुडवली होती. सरांना पाणी दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच पुढं होऊन बोरीकडं घेऊन गेली.

मच्छरदाणी बाजूला करून म्हणाली, "बघा साहेब. सगळी भेसळ काढली. एक बी मागंपुढं न्हाई."

बोरीवर सगळ्या अळ्या एका मापाच्या होत्या. हिरव्या, जाड, बराबर. मी एक-एक फांदी खाली ओढून पाहिली. माझे हात बोरीच्या काट्यांनी फाटले. नऊंपैकी एकही नव्हती.

साहेब येणार म्हणजे तपासणी. तपासणी म्हणजे आधी भेसळ काढायची. बारा-तेरा वर्षं तिनं तेच केलं होतं, आणि त्यात तिच्याएवढं तरबेज कुणी नव्हतं. लेकीचा प्लॉट फेल होऊ नये म्हणून हजेरी बुडवून तिनं आपल्याला येत असलेलं सगळ्यात चांगलं काम केलं होतं. हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त त्या नऊ रिकाम्या जागा दिसत होत्या.

"काय केलंस तू हे," मी म्हटलं. "त्याच तर दाखवायच्या होत्या. अगं त्याच पाहिजे होत्या मला. सगळं काम मातीत घातलंस."

माय म्हणाली, "फेकल्या न्हाईत गं म्या, त्या तिकडं..."

"गप बस, माय. एक शब्द बोलू नको. अडाणी ती अडाणीच. पुन्हा माझ्या कामाला हात लावायचा नाही. कळलं का?"

सरांसमोर बोलले हे. वस्तीतल्या दोन बाया न्हाणीपाशी उभ्या होत्या, त्यांच्यासमोर. मायच्या हातात मच्छरदाणीचं टोक होतं. ते तिनं हळूच सोडलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "बरं."

मी उकिरडा उपसला, बांध पाहिला, न्हाणीची मोरी पाहिली. तिला विचारलं नाही. फेकल्या नाहीत असं ती म्हणाली होती, ते माझ्या कानावर पडलंच होतं, पण मी तेव्हा ऐकून घेणाऱ्यांतली नव्हते. माय चुलीपुढं बसून भाकरी थापत राहिली. सर जेवले, मी जेवले नाही. निघताना सर मला हळू आवाजात म्हणाले, होतं असं, मनाला लावून घेऊ नका. आहे त्या नमुन्यांवर काम करू, आणि तेवढं लिहून टाका, मानवी चूक.

उरलेल्या अळ्या गोठवून मी हैदराबादला गेले. तिथल्या एका प्रयोगशाळेत पाच महिने काढले. अळ्यांचा चुरा करायचा, त्यातून जनुकांचा निरोप वेगळा काढायचा, जेलच्या, म्हणजे खळीसारख्या थरावर विजेनं पळवायचा आणि जांभळ्या उजेडात पट्टे मोजायचे. घरच्या अळ्यांचे पट्टे एका रेषेत यायचे. रानच्यांचे थोडे वर, थोडे खाली, पण फार नाही. फार असणारच नव्हते, सगळ्या पुढच्याच होत्या. मागं राहिलेल्या नऊंसाठी ठेवलेल्या जेलच्या खाचांमध्ये दुसरे नमुने भरून मी काम पुरं केलं. प्रबंध वाईट झाला नाही. पण जे म्हणायचं होतं ते त्यात म्हणता आलं नाही. उशिराच्या अळ्या एक कात जास्तीची टाकत असाव्यात, असा अंदाज तेवढा लिहिला. त्याखाली लिहिलं, मानवी चुकीमुळे हे नऊ नमुने नष्ट झाल्याने पडताळा घेता आला नाही.

गावी यायचे तेव्हा माय जेवायला वाढायची, डोक्याला तेल लावायची, गावातलं सांगायची. अळ्यांचं नाव काढायची नाही. तुतीच्या अळ्यांची सुपं तिनं धुऊन धान्याला घेतली होती. मला वाटलं, विसरली. गप्प बसणारं माणूस विसरलंय असं समजणं सगळ्यात सोयीचं असतं. माफी मागायची हे माझ्या मनात होतं. खरंच होतं. पण मी म्हणायचे, एकदा प्रबंध हाती येऊ दे, तो तिच्या हातात देईन आणि तेव्हाच म्हणेन.

प्रबंध बांधून आला. काळं कव्हर, वर सोनेरी अक्षरं. मी तो घेऊन गावी गेले. मायनं हात धुतले, पुसले, पुन्हा लुगड्याला पुसले आणि मांडीवर घेतला. एक-एक पान उलटत राहिली. पट्ट्यांचे फोटो पाहिले.

"ह्यात आपल्या बोरीवरच्या हायत का?" तिनं विचारलं.

"आहेत."

"अन् मागं राह्यलेल्या?"

मी म्हटलं, "त्या नाहीत. त्या कुठून येणार?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मी पुढं काही विचारीन म्हणून थांबली असावी. मी पान उलटलं. "बरं," ती म्हणाली. मंग म्हणाली, "वाच की जरा. कसं लिहिलंस ते ऐकू दे." मी तिला आभाराचं पान मराठी करून वाचून दाखवलं. त्यात ती होती, माझी आई, जिच्या कष्टांमुळे वगैरे, सगळे लिहितात तसं. मधलं ते पान आलं तेव्हा मी दोन पानं एकदम उलटली. प्रबंध इंग्रजीत होता, तिला अक्षरओळख नव्हती, तरीसुद्धा. माफी मागायची राहून गेली. म्हटलं, रात्री निवांत म्हणू. रात्री ती लवकर झोपली.

मला जालन्यात कॉलेजात नोकरी लागली. तिथंच मस्तगड भागात खोली घेतली. मायला म्हटलं, आता प्लॉट सोड, इकडं ये. ती म्हणाली, "हा हंगाम होऊ दे." त्या हिवाळ्यात तिला कावीळ झाली. आधी गावातच पाला-औषध केलं, मंग जालन्याला आणलं, तोवर ती पिवळीधमक झाली होती. आठ दिवस दवाखान्यात होती. मी उशाशी बसायचे आणि मनात वाक्य जुळवायचे. तोंडातून निघायचं ते भलतंच, सलाईन संपत आली का, पाणी देऊ का. एकदा ती डोळे मिटूनच म्हणाली, "बोरीला बोरं लागली असतील. पोपट खातील सगळी." मी म्हटलं, खाऊ दे. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे जेवून गेले आणि मावशी मागं राहिली. मावशी म्हणजे नात्यातली नव्हे, मायच्या जोडीची. पंधरा वर्षं दोघी एकाच ओळीत कळ्या सोलत आल्या. ती भांडी पालथी घालत मला म्हणाली, "तिनं तुला तो डबा दिला का?"

"कसला डबा?"

"अळ्यांचा."

मावशीनं हात पुसले, आतल्या फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यापुढं ठेवला.

डब्यात नऊ दोरे होते. प्लॉटवर फुलाच्या देठाला बांधतात तोच दोरा. सहा दोऱ्यांच्या टोकांना एक-एक कोश बांधलेला, देठाच्या कडीत ओवून. प्रत्येकाला टोकाशी भोक, पतंग निघून गेलेला. तीन दोरे रिकामे होते. आणि सगळ्या दोऱ्यांना गाठी होत्या, लहान लहान, जवळ जवळ, आणि मध्येच एखादी मोठी.

"भेसळ म्हणून काढल्या तिनं," मावशी म्हणाली. "पण जित्या अळ्या फेकवना तिच्यानं. म्हणली, झाड उपटणं येगळं अन् जीव टाकणं येगळं. प्लॉटच्या वाटंला नाल्यावर बोर हाय, तिच्यावर नेऊन सोडल्या. नऊ फांद्यांवर नऊ. जुनं लुगडं बांधलं वरून. रोज सकाळी प्लॉटवर जाता-जाता थांबायची अन् ज्याच्या त्याच्या दोऱ्याला गाठ मारायची. खात असली तर बारकी गाठ. कातीवर बसली तर मोठी, एका कातीला एकच. म्हणायची, लेकीला लागलं तर असावं. तीन पाखरांनी नेल्या, लई हळहळली."

मी दोरा बोटांत धरला. माझ्या हातांना मोजायची सवय आहे, मी नको म्हणत असताना त्यांनी मोजलं. त्या नऊ तिनं नेल्या तेव्हा त्यांची एक कात राहिली होती. म्हणजे मोठी गाठ एकच यायला हवी होती. सहा कोशांपैकी चार दोऱ्यांना मोठ्या गाठी दोन-दोन होत्या. चौघींनी एक कात जास्तीची टाकली होती. माझ्या प्रबंधात जे नव्हतं ते डब्यात होतं, दिवसागणिक, आणि त्यात एक गाठ चुकलेली नव्हती. आणि प्रबंध लिहिला जात होता तेव्हा हा डबा फळीवरच होता.

"मला सांगितलं का नाही तिनं?" मी म्हटलं. मला मावशीवरच राग आला, तेवढ्यात सुद्धा.

"म्या म्हणलं की तिला, सांग पोरीला. दहादा म्हणलं. तर म्हणायची, तिनं हात लावू नको म्हणलंय. इचारल तवा देईन." मावशीनं डब्याचं झाकण उचलून पदरानं पुसलं. "तू पुस्तक घेऊन आल्तीस ना, त्या दिवशी डबा खाली काढून ठिवला होता तिनं. चुलीमागं. मंग तू गेल्यावर पुन्यांदा फळीवर ठिवला."

मी तिथंच बसून रडले. मावशीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी मी नाल्यावरच्या बोरीकडं गेले. लुगड्याच्या चिंध्या काट्यांना अजून अडकलेल्या होत्या, ऊन-पावसानं रंग गेलेला. खालच्या एका फांदीला दोऱ्याचं तुटकं टोक होतं. बोरं लागली होती आणि पोपटांनी खरंच अर्धी करून टाकली होती. मी बराच वेळ तिथं उभी राहिले आणि जे म्हणायचं होतं ते मोठ्यानं म्हटलं. ऐकायला पोपटच होते.

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. आमच्या भागात तुतीचे मळे झाले, शेतकरी रेशीम घेतात, मला भाषणाला बोलावतात. मी घरची अळी आणि रानची अळी समजावून सांगते. रानच्या अळ्यांतल्या उशिरा वाढणाऱ्या एक कात जास्तीची टाकतात हेही सांगते. कुणी विचारतं, हे कुणी शोधलं, तर मी सांगते, माझ्या आईनं. लोकांना वाटतं मी मायेनं बोलतेय.

डबा माझ्याकडं आहे. दोऱ्यांचे फोटो काढून, गाठी मोजून मी सरांना दाखवले होते. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पाहिलं. मी विचारलं, हे आता कुठं घालता येईल का. ते म्हणाले, नमुनाच गोठवलेला नाही, जनुक तपासणार कशात? मंग मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले आणि तिथल्या बाईंना विचारलं की जमा झालेल्या प्रबंधातली एक ओळ बदलता येते का. त्या म्हणाल्या, नाही मॅडम, एकदा जमा झाला की झाला.

प्रबंध तिथं मधल्या कपाटात आहे. मधल्या त्या पानावर लिहिलंय की मानवी चुकीमुळे नऊ नमुने नष्ट झाले. नमुने नष्ट झाले नव्हते, आणि चूक तिची नव्हती. ते वाक्य अजून तसंच आहे.